सात नंबरची पेटी

मामंजी, तुम्हाला जाऊन महिना व्हायला आला. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, अस्थी नरसिंहपूरला संगमावर सोडून हे परत आले. घर वरवर पाहिलं तर रोजच्यासारखं चालू आहे. ओसरीवरची तुमची दोन नंबरची खुर्ची तेवढी रिकामी असते. तिच्यावर अजून कुणी बसत नाही. परवा मांजर चढून बसलं, तर आत्याबाईंनी त्यालाही हुसकलं.

हे मी लिहिते आहे, हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही मिशीतल्या मिशीत हसला असतात. एक तर तुम्हाला अक्षरं वाचता येत नव्हती, आकडे तेवढे येत. शिवाय सुनेनं सासूला आत्याबाई म्हणायचं आणि सासऱ्याशी तोंड वर करून बोलायचं नाही, अशी आपल्या घरची रीत. अकरा वर्षांत मी तुमच्याशी थेट किती वेळा बोलले असेन? हाताच्या बोटांवर मोजता येईल. आता मात्र मला बोलायचं आहे, आणि मी तावातावानं बोलायला लागले की उठून गोठ्यात जायची सोय तुम्हाला आता उरलेली नाही.

रीत होती म्हणून बोलणं अडत होतं असं नाही. तुम्ही लाकडाशी बोलायचात. ओसरीवर खुर्चीत बसून खुर्चीलाच विचारायचात, "खुर्चे, आज कुनी च्या टाकनार हाय का न्हाय?" मी आत चुलीपाशी ऐकायची आणि आधण ठेवायची. मी भांडी लावता लावता मांडणीला म्हणायची, "मांडणीबाई, जोंधळे संपत आले गं." संध्याकाळपर्यंत पोतं घरात यायचं. नवख्या माणसाला वाटलं असतं, या घरातली माणसं जरा सरकलेलीच आहेत. पण मला त्याची इतकी सवय झाली की बारामतीला माहेरी गेले की तिथल्या कपाटाशी बोलायला तोंड उघडायची आणि वहिनी माझ्याकडे बघत राहायची.

तीस वर्षं तुम्ही कालव्यावर पाटकरी होतात. सणसरच्या शिवारातली कालव्याची दारं तुमच्या हातात. कुणाच्या उसाला कधी पाणी सोडायचं, कुणाचं दार कधी पाडायचं, ते तुम्ही बघायचं. नोकरी संपली त्या दिवशी ओव्हरसियरनं "काय देऊ?" म्हणून विचारलं, तर तुम्ही दारांना देऊन उरलेला हिरवा रंग मागून घेतलात. दोन डबे, आत चिखलासारखा घट्ट रंग, जवसाच्या तेलात कालवून पातळ करायचा. ते ऐकून सगळं घर हसलं होतं म्हणे. मी तेव्हा नव्हते. मी आले ती पुढच्याच वैशाखात.

माझ्याबरोबर आईची सागवानी पेटी आली. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. वडिलांनी तिची लुगडी नात्यातल्या बायकांना देऊन टाकली, पेटी तेवढी माझ्यासाठी ठेवली. झाकण उघडलं की आत अजून कापराचा वास यायचा. ती पेटी मधल्या खोलीत भिंतीला लावून ठेवली आणि तिच्याकडे बघत बघत मी या घरात माझे पहिले दिवस काढले.

पावसाळा सरून उन्हं पडली तशी तुम्ही घरातलं एकेक लाकूड अंगणात काढलंत. धूळ उडू नये म्हणून आधी सडा घातलात. रेघेच्या दिशेनं काचकागद मारलात, भेगांत खडू आणि तेलाचं लुकण भरलंत, मग पातळ हात, एक वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. आणि शेवटी, कालव्याच्या दारांवर असतात तसे पांढऱ्या रंगात नंबर. रॉकेलच्या डब्याच्या पत्र्यातून आकडे कापून तुम्ही साचे केले होते. देव्हाऱ्याला नंबर घालताना आत्याबाई कातावल्या, "देवाला कसला वो नंबर?" तर तुम्ही म्हणालात, "म्हून तर एक दिलाय." मग खुर्ची, पलंग, फडताळ, चौरंग. जी वस्तू ज्या क्रमानं घरात आली तो तिचा नंबर. मांडणी सहावी.

मी स्वयंपाकघराच्या दाराआडून बघत होते. सहानंतर घरात आलेली वस्तू म्हणजे माझी पेटी. मला वाटलं, आता तुम्ही आत याल आणि ती उचलायला कुणाला तरी हाक माराल. तुम्ही ब्रश रॉकेलात बुडवून धुवायला घेतलात.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तो हिरवा रंग मला आवडला नव्हता, हे खरं. घर कसलं, कालव्याची चौकी दिसते, असं मी मनात म्हटलं होतं. आणि तो रंग माझ्या पेटीला लागला नाही याचं वाईट वाटलं, हेही खरं. सोळा वर्षांच्या मुलीच्या मनात दोन्ही मावतात. मी मनात धरणारी आहे, ते तर तुम्ही जाणूनच होतात. मी धरलं ते हे, की या माणसाच्या हिशेबी या घरात सहाच वस्तू आहेत, आणि ज्या पेटीबरोबर मी आले ती नाही, म्हणजे मीही नाही.

तेव्हापासून मी रंगावरून तुमच्याशी भांडायला लागले. म्हणजे मांडणीशी. "मांडणीबाई, आमच्या बारामतीला सागवानाला नुसतं तेल लावतात, रेघा कशा दिसतात!" ओसरीवरून खुर्चीला उत्तर जायचं, "खुर्चे, लाकूड दिसाया पायजे म्हनं. वाळवीला बी दिसतं की मग." मी म्हणायची, झाकून ठेवायचं तर लाकूड हवं कशाला, पत्रा आणावा. तुम्ही म्हणायचात, डोक्यावरला पदर बी झाकायलाच असतुया. यावर मी भांडी जरा जोरात आपटायची. हे भांडण दर वर्षी दसऱ्याच्या आधी, तुम्ही नवा हात द्यायला काढलात की ठरल्यासारखं व्हायचं. मला ते आवडायला लागलं होतं, हे मी कधी कबूल केलं नाही.

दोन वर्षांनी कुशी झाली. मी बारामतीला बाळंत झाले आणि तीन महिन्यांची तान्ही घेऊन परत आले, तेव्हा तुम्ही वडगाव निंबाळकरच्या तुमच्या बहिणीकडून, ह्यांच्या आत्यांकडून, त्यांचा जुना पाळणा गाडीत घालून आणला होता. तिला पाळण्यात घालायचा दिवस ठरला, बायकांना आवतणं गेली. तुम्ही पाळणा घासून ठेवलात, रंग काढलात आणि म्हणालात, "पाळन्या, वाटीभर तेल मिळंल का?"

फडताळात दोन बरण्या शेजारी शेजारी. एक जवसाच्या तेलाची, एक शेंगदाण्याच्या. आत्याबाई रानात गेलेल्या. कुठलं तेल, एवढं विचारलं असतं तर झालं असतं, पण सासऱ्याला उलट कसं विचारायचं? मी अंदाजानं वाटी भरली आणि उंबऱ्यावर ठेवली. तुम्हाला पडसं झालेलं, वास कळला नाही. आणि कुठलं तेल दिलंस, असं सुनेला तुम्ही तरी कसं विचारणार? खायच्या तेलात कालवलेला रंग कधी वाळत नाही. पाळण्यात घालायच्या दिवशी गावातल्या बायका पाळणा धरायला पुढे झाल्या आणि एकेकीच्या हातांना, पदरांना हिरवं लागत गेलं. वडगावच्या आत्यांचं नवं इरकली लुगडं तर कडेपासून खांद्यापर्यंत गेलं. कुशीला शेवटी लुगड्याच्या झोळीत घालून नाव ठेवलं.

मी आत जाऊन रडत बसले होते. बाहेर तुमचा आवाज ऐकू आला. तुम्ही सगळ्या बायकांसमोर म्हणालात, "चूक माजी हाय. पडशात तेल वळकलं न्हाय मला." आत्यांनी तुम्हाला काय काय सुनावलं. तुम्ही ते खाली मान घालून ऐकून घेतलंत. दुसऱ्या दिवशी धुण्याचा सोडा लावून सगळा रंग खरवडलात, हात सोलून निघाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंत. चार दिवसांनी मी फडताळ उघडलं तर जवसाच्या बरणीवर एक हिरवा ठिपका होता. एवढंच. त्यावरून कधी शब्द काढला नाहीत, खुर्चीशीसुद्धा नाही. त्या उपकाराचे आभार मी तुमचे मानले नाहीत, ते आज मानते.

त्या पाळण्यावर तुम्ही आठ नंबर घातलात. ह्यांच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं. "आबा, सात ऱ्हायला की." तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे. हाय त्यो." झालं, सगळ्या घराला खेळ मिळाला. तीस वर्षं कालव्यावर काढली आणि सात येत नाही. पाटकऱ्यानं सातवं दार गिळलं. यात सगळ्यांत पुढे मी. एकदा तुम्ही ओसरीवर होतात आणि मी मोठ्यानं म्हटलं, "मांडणीबाई, तू सहावी, तुझी पाठची कुठं गं हरवली?" नेहमीसारखं खुर्चीला उत्तर जाईल म्हणून मी कान देऊन उभी राहिले. तुम्ही उठलात आणि गोठ्यात गेलात. मला वाटलं, थट्टा लागली. पुढे मी ती बंद केली.

सात म्हणजे माझी पेटी, हे माझ्या मनात आलं नसेल का? आलं होतं मामंजी. पण तुम्ही सगळ्या लाकडांशी बोलायचात, पलंगाशी, चौरंगाशी, मागाहून आलेल्या नऊ नंबरच्या स्टुलाशीसुद्धा. अकरा वर्षांत माझ्या पेटीशी एकदाही बोलला नाहीत. मधल्या खोलीतून जाताना तिला वळसा घालून जायचात. मग मी ते मनातून काढून टाकलं. आपणच आपला नंबर लावून घ्यायचा आणि मग तो खोटा निघायचा, त्यापेक्षा नकोच.

शेवटच्या तापात तुमचा पलंग आम्ही मधल्या खोलीत घेतला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कपाळावरची घडी पिळत होते. तुम्ही भिंतीकडे बघत होतात. म्हणालात, "पेटे." मला आधी खरं वाटलं नाही. "पेटे, आता तरी..." आणि खोकल्याची उबळ आली.

मला वाटलं, थंडी वाजतेय, काही पांघरायला मागताय. मी धावत पेटी उघडली आणि आईची दुलई काढून तुमच्या अंगावर घातली. तुम्ही तिचा काठ दोन बोटांत धरून बराच वेळ बघितलात. दिवस मावळायला गेलात. आता तरी काय, मामंजी? तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असताना मी मनात हेच विचारत होते.

चौदाव्या दिवशी घर सारवायला काढलं. भरलेली पेटी कोण हलवणार म्हणून दर वेळी मी तिच्या भोवतीनं हात फिरवायची. या वेळी दुलई ठेवायला ती रिकामी केलीच होती, म्हणून ओढली, तर मागचा एक पाय वाळवीनं निम्मा खाल्लेला. सागाला वाळवी लागत नाही, असं मी तुम्हाला किती वेळा ऐकवलं होतं. तुमचंच खरं झालं, आणि ते म्हणून दाखवायला तुम्ही नव्हतात, याचं मला जास्त रडू आलं.

थोडा रंग उरला असेल तर पायाला लावावा म्हणून माळ्यावरून तुमचा खोका काढला. फडक्यात गुंडाळलेले ब्रश, काचकागद, अर्धा डबा हिरवा. तळाशी पत्र्याचे आकडे, पांढऱ्या रंगाचे थर बसून जाड झालेले. एक, दोन, तीन, बाकी सगळे. सात त्यात नव्हता. तो वेगळा होता, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला. कोरा, चकचकीत, रंगाचा एक ठिपका नाही की गंजाचा डाग नाही. अकरा वर्षं न गंजायला त्याला दर वर्षी तेल लागलं असणार.

मी तो घेऊन आत्याबाईंकडे गेले. त्या परसात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी साच्याकडे बघितलं आणि सूप खाली ठेवलं.

"त्यो तुज्या पेटीचा," त्या म्हणाल्या.

"मग घातला का नाही?"

"तूच नगं म्हनलीस की."

"मी? कधी?"

"आलीस त्याच दिशी. पोरं पेटीवर चढाया लागली, तर तू वराडलीस, माज्या पेटीला कुनी हात लावायचा न्हाय म्हून. रडत व्हतीस. हे ओसरीवर बसल्यालं. आत येऊन मला म्हनलं, ज्याचं दार त्यानं सांगितल्याबिगर आपुन उघडायचं न्हाय. पोरगी सांगंल तवा रंगवू. तवर तिचा नंबर ऱ्हाऊ दे."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत, आत्याबाई?"

"मला वाटलं, तुला हिरवा रंग नगंच हाय. दरसाल भांडतच व्हतीस की." मग सूप पुन्हा उचलून त्या म्हणाल्या, "आमी बी कुनी हात लावला न्हाय बग. मी बी न्हाय."

माझं ते वाक्य मी विसरून गेले होते, मामंजी. अनोळखी घर, कुणाची तरी पोरं आईच्या पेटीवर नाचतात, त्या घाबऱ्या मुलीच्या तोंडून निघून गेलं असेल. मी विसरले आणि तुम्ही अकरा वर्षं पाळलंत. आत्याबाईंनी कधी त्या पेटीवर सूपसुद्धा टेकवलं नव्हतं, आणि मला वाटायचं, माझी पेटी म्हणून परकी.

रागही आला, खोटं कशाला सांगू. पाळण्याशी बोललात, स्टुलाशी बोललात, एकदा पेटीला विचारलं असतंत तर काय बिघडलं असतं? "पेटे, रंग लावू का?" एवढंच. शेवटच्या तापात ते तोंडाशी आलं, तर मी दुलई पांघरली. मग लक्षात आलं की मी तरी कुठे विचारलं. हरवलेला सात मी मांडणीजवळ शोधला, पेटीजवळ उभी राहून एक शब्द बोलले नाही. तेलाच्या वाटीच्या वेळी झालं तेच. तुम्ही विचारायचं नाही, मी विचारायचं नाही. तो पाळणा निदान चार दिवसांत खरवडून नवा करता आला.

मग मी पेटी अंगणात काढली. हे म्हणाले, "सुताराला बोलावू का?" मी पायापुरता त्याला बोलावला, रंग मीच दिला. मला कुणी शिकवलं नव्हतं, पण अकरा वर्षं दाराआडून बघितलेलं हाताला आठवत होतं. सडा घातला, रेघेच्या दिशेनं काचकागद मारला, लुकण भरलं. हिरव्या ठिपक्याच्या बरणीतलं तेल घेतलं, तरी दोनदा हुंगून बघितलं. पहिला हात देताना सागाच्या रेघा दिसेनाशा होत गेल्या आणि मला वाईट वाटलं. लाकूड दिसायला हवं असं मला अजून वाटतं, तेवढं भांडण आपलं बाकी राहिलं. म्हणून आतली बाजू तशीच ठेवली आहे. आत आईची, बाहेरून या घरची. हे तुम्हाला चाललं असतं असं मला वाटतं. चाललं नसतं तर खुर्चीला सांगितलं असतंत.

तीन हातांना नऊ दिवस लागले. आज सकाळी साचा लावून सात घातला. साचा उचलला तेव्हा हात थोडा हलला आणि साताचं शेपूट जरा वाकडं आलं. तुमचे आकडे सरळ असायचे.

आत्याबाई येऊन शेजारी उभ्या राहिल्या, हात पाठीमागं बांधून. म्हणाल्या, "लावू का गं हात?"

वाळायच्या आधी बोट लावायचं नाही, हा तुमचा नियम. घरात लहानापासून थोरापर्यंत कुणी तो मोडला नव्हता. झाकण अजून चिकट होतं.

"लावा," मी म्हटलं.

त्यांनी पदराला हात पुसला आणि झाकणाच्या कडेला हळूच चार बोटं टेकवली. तिथे आता त्यांच्या बोटांचे ठसे उमटलेत. मग मी कुशीला बोलावलं, ह्यांना बोलावलं. कुशीनं तर आख्खा पंजाच ठेवला.

हात धुऊन मी ओसरीवर आले. तुमची खुर्ची तिथेच होती. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी पदर सावरला.

"खुर्चे," मी म्हटलं, "मामंजींना म्हणावं, सातचं दार उघडलं."